प्रश्नोत्तराचा तास आणि बेळ्ळंदूरचा तलाव

(व्याख्यानाचा मजकूर)

बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर तलावाला १९ जानेवारी २०१८ रोजी आग लागली. आग विझविण्यासाठी अग्निशमन दलाबरोबर लष्कराच्या जवानांनाही पाचारण करावे लागले. पाण्याने भरलेला असावा अशी ज्याच्याकडून अपेक्षा, तोच तलाव पेटला, ही बातमी देशभर गेली. परंतु ती पहिली घटना नव्हती. मे २०१५ मध्ये तलावावरील फेसाने पेट घेतला होता आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तलावातील गवत व कचरा जळाला होता. सुमारे ९०० एकरांचा हा शहरातील सर्वांत मोठा तलाव. त्याच्या सभोवती माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शहरातील सांडपाण्याचा सुमारे ४० टक्के हिस्सा त्यात उतरतो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. साबण व धुलाईच्या चूर्णातील फॉस्फेटमुळे सांडव्यापाशी फेस माजतो आणि वारा सुटला की तो रस्त्यावर येतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या घटनेतील महत्त्वाचा प्रश्न आगीचा नाही. सांडपाणी प्रक्रिया, पर्जन्यजल वाहिन्या आणि तलाव संवर्धन या तिन्ही बाबींवर सार्वजनिक पैसा दरवर्षी खर्च होत होता. त्या पैशाचा हिशेब मागण्याची घटनात्मक यंत्रणाही अस्तित्वात होती. मग लोकप्रतिनिधींनी विचारलेल्या प्रश्नांचे काय झाले? स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी तारांकित, अतारांकित, अल्पसूचना अशी प्रश्नांची वर्गवारी पाठ करतात. ही आयुधे प्रत्यक्षात कोठे चालतात आणि कोठे बोथट होतात, हे मात्र एखादे प्रकरण हाती घेतल्याशिवाय उमगत नाही.

हक्काची वाटचाल

शासनाला प्रश्न विचारण्याचा हक्क भारतीयांना एकाएकी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदे मंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा दिली; पण उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती आणि अंदाजपत्रकावर मतदान तर नव्हतेच. अशा परिस्थितीत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदे मंडळात अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते आहे म्हणजे कारभार उत्तम आहे, हा तेव्हाचा अधिकृत युक्तिवाद. दुष्काळाने पिचलेल्या देशात शिल्लक पडणे याचा अर्थ करांचा बोजा गरजेपेक्षा अधिक आहे, असे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. मतदानाचा अधिकार हाती नसताना केवळ आकड्यांच्या बळावर शासनाला उत्तर देण्यास भाग पाडण्याचा हा वस्तुपाठ होता. मिठावरील कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने कमी झाला, त्यामागे अनेक कारणे असली तरी ही सततची टीका त्यांपैकी एक निश्चितच होती.

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. १९१९ च्या कायद्यानंतर तो इतर सभासदांनाही लाभला आणि १९२१ मध्ये लोकलेखा समिती अस्तित्वात आली. स्वातंत्र्यानंतर या हक्काला मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीचा आधार मिळाला. राज्यांच्या बाबतीत तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ मध्ये आहे. १९५७ मध्ये लोकसभेतील एका प्रश्नापासून सुरू झालेले मुंदडा प्रकरण अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या फेब्रुवारी १९५८ मधील राजीनाम्यापर्यंत पोहोचले. आयुर्विमा महामंडळाने केलेली सुमारे सव्वा कोटी रुपयांची गुंतवणूक हा त्यातील विषय होता. आजच्या मानाने रक्कम किरकोळ वाटेल. प्रश्नाची धार रकमेवर अवलंबून नसते, हेच त्यातून दिसते. या हक्काला काळी बाजूही आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे स्वीकारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांचे सदस्यत्व रद्द झाले. ज्याची किंमत मोजण्यास कोणी तयार होते ते आयुध निरुपयोगी नव्हते, असाही त्याचा एक अर्थ निघतो.

‘प्रश्न उद्भवत नाही’

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तेथे उपप्रश्नास वाव नाही. कन्नड भाषेत तारांकित प्रश्नाला ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’, म्हणजे ठिपक्याची खूण केलेला प्रश्न म्हणतात. खूण ताऱ्याची असो वा ठिपक्याची, महत्त्व उपप्रश्नाचेच. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्यातील कक्ष अधिकारी तयार करतो, ते सचिवांच्या नजरेखालून जाते आणि त्यातील प्रत्येक शब्द तोलून मापून घातलेला असतो. उपप्रश्नाच्या वेळी मात्र मंत्र्यांना स्वतः उभे राहावे लागते. लोकसभेत दररोज २० तारांकित प्रश्न यादीवर येतात, पण प्रत्यक्ष तोंडी उत्तरांपर्यंत त्यांतील मोजकेच पोहोचतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी होऊन पटलावर जातात.

महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना त्यांचा साचा ठाऊक असेल. ‘हे खरे आहे काय?’ अशी सुरुवात, मग ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरांचाही साचा ठरलेला. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले की पुढील भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच छापले जाते. हे तीन शब्द प्रशासनाचे सर्वांत मजबूत चिलखत होत. त्यांना वाव मिळतो तो प्रश्नाच्या रचनेमुळे. ज्या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे देता येते, तो प्रश्न निम्मा हरलेलाच असतो.

एक तलाव, अनेक खाती

बेळ्ळंदूर तलावाचा ताबा बेंगळुरू विकास प्राधिकरणाकडे. त्यात येणारे सांडपाणी वाहून नेण्याची व त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी बेंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाची. ज्या नाल्यांमधून, म्हणजे स्थानिक भाषेतील ‘राजकालुवे’मधून, पाणी येते ते महानगरपालिकेचे. पाण्याच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवायचे ते राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने. याखेरीज २००२ मध्ये तलाव विकास प्राधिकरण स्थापन झाले, २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि २०१८ मध्ये ते प्राधिकरण गुंडाळून त्याचे काम लघुपाटबंधारे खात्याच्या अखत्यारीत गेले. ही खाती वेगवेगळ्या मंत्र्यांकडे. परिणामी नगरविकास मंत्र्यांना विचारले तर गाळ काढण्याची योजना आखली आहे हे उत्तर खरे असते. पाणीपुरवठा मंडळाला विचारले तर नवीन प्रक्रिया केंद्राचे काम प्रगतिपथावर आहे हेही खरे असते. पर्यावरण खात्याने नोटिसा बजावलेल्या असतातच. प्रत्येक उत्तर खरे आणि तलाव मात्र जसाच्या तसा.

यामागील अर्थशास्त्रीय कारण पैशाच्या प्रवासात आहे. अनुच्छेद २०३ नुसार राज्य शासन विधानसभेपुढे अनुदानाच्या मागण्या मांडते. सदस्य त्यांवर कपात सूचना देऊ शकतात. मागणीवर चर्चा होते, मतदान होते आणि नंतर अनुच्छेद २०४ खालील विनियोजन विधेयक संमत होते. परंतु पाणीपुरवठा मंडळ आणि विकास प्राधिकरण या कायद्याने निर्माण झालेल्या स्वायत्त संस्था आहेत. पहिली १९६४ च्या व दुसरी १९७६ च्या कायद्यान्वये. त्यांना मिळणारे सहायक अनुदान किंवा भागभांडवल राज्याच्या अंदाजपत्रकात बहुधा एखाद्या ओळीत दिसते. पाणीपट्टी, भूखंड विक्री व बाह्य कर्जे यांतून येणारा आणि त्यातून जाणारा पैसा मागणीच्या पुस्तकात तपशिलाने येत नाही. त्यामुळे बेळ्ळंदूरच्या प्रक्रिया केंद्रावर नेमका किती खर्च झाला यावर कपात सूचना द्यायची तर ती देण्यासाठी ओळच सापडत नाही. शिवाय ठरलेली मुदत संपताच उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्रित मतास टाकल्या जातात. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात आणि केरळने १९८० मध्येच विषय समित्यांची पद्धत स्वीकारली. बहुतेक राज्यांत ती नाही.

सभागृह भरते किती दिवस, हेही पाहिले पाहिजे. कर्नाटकाने २००५ मध्ये कायदा करून वर्षाला किमान ६० दिवस अधिवेशन व्हावे असे ठरविले. असा कायदा करणारे राज्य म्हणून त्याचे कौतुक झाले. मात्र ही संख्या बहुतेक वर्षी गाठली गेलेली नाही. त्यातील हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात होते. तेथे सीमाभाग व उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांना अग्रक्रम मिळावा ही स्वाभाविक अपेक्षा असते आणि राजधानीच्या गटारांसाठी वेळ आणखी आक्रसतो.

किती खर्च केला, की काय साधले?

लोकप्रतिनिधींच्या प्रश्नांचा कल ‘किती निधी मंजूर झाला?’ या दिशेने असतो. त्यात त्यांचा दोष नाही असे म्हणता येणार नाही, पण कारण समजण्यासारखे आहे. मंजूर निधी मतदारसंघात सांगता येतो, फलकावर लिहिता येतो. जमिनीखालील मलवाहिनीचे उद्घाटन करायला कोणी येत नाही. त्यामुळे खर्च हेच यश मानले जाते. शासनालाही हे सोयीचे असते, कारण तरतूद वाढविल्याचा आकडा देणे सोपे आणि पाणी स्वच्छ झाल्याचा आकडा देणे अवघड.

हाच विषय वेगळ्या तऱ्हेने विचारता येतो. उदाहरण म्हणून अशा प्रश्नाची कल्पना करू: कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यात दररोज किती दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते, त्यापैकी किती प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचते, केंद्रांची स्थापित क्षमता किती आणि गेल्या १२ महिन्यांतील प्रत्यक्ष सरासरी वापर किती, बाहेर पडणाऱ्या पाण्यातील प्राणवायूची जैवरासायनिक मागणी व फॉस्फेटचे प्रमाण महिनावार किती, आणि गेल्या तीन वर्षांत मंजूर, वितरित व खर्च झालेल्या रकमा कोणत्या? या प्रश्नातील एकाही भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही. स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वापर यांतील तफावत एकदा पटलावर आली की उपप्रश्न आपोआप सुचतो: केंद्र उभे आहे, पण त्यापर्यंत वाहिनीच पोहोचलेली नाही काय? नगरपालिकांच्या कारभारात हे दुखणे फार जुने आहे. कारखाना बांधायचा आणि कच्चा माल आणणारा रस्ता बांधायचा नाही, असा हा प्रकार.

येथे माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील एक तरतूद परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावी. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे मूळ अधिनियमाच्या कलम ८ (१) मधील परंतुकात म्हटले होते. आमदाराला जो आकडा मिळू शकतो तो नागरिकालाही मिळावा, असा त्याचा अर्थ होता. फरक इतकाच की नागरिकाला उपप्रश्न विचारता येत नाही.

समित्या आणि लेखापरीक्षण

सभागृहात तासाभरात जे साधत नाही ते समितीत साधावे, अशी योजना आहे. बेंगळुरूच्या बाबतीत विधानमंडळाने हा मार्ग खरोखर चोखाळला. शासकीय जमिनींवरील अतिक्रमणाच्या चौकशीसाठी २००५ मध्ये ए. टी. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली व तिने २००७ मध्ये अहवाल दिले. पुढे के. बी. कोळिवाड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बेंगळुरू शहर व ग्रामीण जिल्ह्यांतील तलावांच्या अतिक्रमणांचा छडा लावला व नोव्हेंबर २०१७ मध्ये अहवाल सादर केला. दोन्ही समित्यांनी शासकीय संस्थांनाही अतिक्रमणाच्या दोषातून वगळले नाही, ही उल्लेखनीय बाब होय. मात्र सभागृह समितीच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. अहवालावर चर्चा व्हावी व कार्यवाहीचा अहवाल मागावा, तो किती दिवसांत मिळावा, हे सदस्यांच्या चिकाटीवर अवलंबून राहते.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनीही या विषयात लक्ष घातले. अनुच्छेद १५१ नुसार त्यांचा राज्यविषयक अहवाल राज्यपालांकडे जातो व राज्यपाल तो विधानमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतात. तलाव संवर्धनावरील त्यांचा अहवाल २०१५ मध्ये आणि बेंगळुरूमधील पर्जन्यजल व्यवस्थापनावरील अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये पटलावर आला. दुसऱ्या अहवालात एक आकडा असा आहे की त्यावर अख्खे अधिवेशन खर्ची पडायला हवे होते. बेळ्ळंदूरला पाणी पोहोचविणाऱ्या कोरमंगल खोऱ्यातील नाल्यांची लांबी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुमारे ११३ किलोमीटर होती. ती २०१६-१७ पर्यंत सुमारे ६३ किलोमीटर उरली. जवळपास निम्मे नाले नकाशावरून पुसले गेले. ते कोणी गिळले याचा शोध एका प्रश्नात लागणार नाही, पण कोणत्या सर्व्हे क्रमांकावर बांधकामाची परवानगी कोणी दिली हे विचारता येते.

या लेखापरीक्षणाचा कालखंड मार्च २०१८ पर्यंतचा होता. अहवाल पटलावर आला साडेतीन वर्षांनी. त्यानंतर वर्षभरातच, सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीस, बेळ्ळंदूर-यमलूर परिसर व बाह्य वर्तुळाकार मार्ग पाण्याखाली गेला आणि संगणक अभियंते ट्रॅक्टरमध्ये बसून कचेरीत गेल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. लोकलेखा समितीचे काम शवविच्छेदनासारखे असते, अशी टीका जुनीच आहे. शवविच्छेदनाचाही उपयोग असतो. पण ते वेळेत झाले तर.

सभागृहाची जागा लवादाने घेतली

राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी २०१७ मध्ये बेळ्ळंदूरच्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. कर्नाटकातून राज्यसभेवर गेलेले सदस्य डी. कुपेंद्र रेड्डी हेही लवादाकडे अर्जदार म्हणून गेले. संसदेच्या सदस्याला दाद मागण्यासाठी न्यायिक संस्थेचा दरवाजा ठोठवावासा वाटला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लवादाने राज्य शासनाला ५० कोटी व महानगरपालिकेला २५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, कृती आराखड्यासाठी ५०० कोटी रुपये स्वतंत्र खात्यात राखून ठेवण्यास सांगितले आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली.

आदेशामुळे कामाला वेग आला हे नाकारता येत नाही. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, ५०० कोटी रुपये तलावासाठी की शाळांसाठी की सरकारी रुग्णालयांसाठी, हा अग्रक्रम ठरविणे हे घटनेने विधानसभेवर सोपविलेले काम आहे. ते काम सभागृहाने वेळीच केले असते तर दुसऱ्या कोणी करण्याची गरज पडली नसती. दंडाचा पैसाही अखेर करदात्याचाच. म्हणजे मलनिस्सारणासाठी एकदा कर भरला आणि ते न झाल्याबद्दल दंडही त्याच खिशातून गेला. ज्या अधिकाऱ्यांच्या काळात नाले बुजले त्यांच्या खिशाला यातून काही तोशीस लागल्याचे दिसत नाही.

या साऱ्यात सर्वांत जवळचा प्रश्नकर्ता गैरहजर होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेळ्ळंदूर ग्रामपंचायतीने आपला कारभार संगणकावर आणला व देशभरातील पंचायत अभ्यासक ते पाहण्यास येत. २००७ मध्ये ११० गावांबरोबर बेळ्ळंदूरही बृहद् बेंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाले. ग्रामसभा संपली, तिच्या जागी प्रभाग आला. त्या महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महानगरपालिका स्थापन होईपर्यंत, म्हणजे पूर्ण पाच वर्षे, शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे अनुच्छेद २४३-यू सांगतो. नगरसेवक नसताना तुंबलेल्या नाल्याचा प्रश्नही आमदाराने विधानसभेत विचारायचा. मग राज्याच्या धोरणाचे प्रश्न कोणी विचारायचे?

तलावाचे पाणी मात्र मतदारसंघाच्या सीमा पाळत नाही. बेळ्ळंदूरहून ते वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. २०१८ पासून याच खोऱ्यातील प्रक्रिया केलेले पाणी कोलार जिल्ह्यातील तलाव भरण्यासाठी नेले जाऊ लागले. योजनेची क्षमता दररोज ४४ कोटी लिटर. त्याच वर्षी जुलैमध्ये कोलारच्या तलावात फेस दिसला आणि काही काळ न्यायालयीन आदेशाने पाणी थांबले. कोलारच्या आमदाराला निदान कर्नाटकाच्या मंत्र्यांना जाब विचारता येतो. नदी पुढे तामिळनाडूत होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणात पोहोचते तेव्हा तेथेही फेस तरंगतो. पण होसूरच्या आमदाराच्या प्रश्नाला उत्तर देण्यास बेंगळुरूचे मंत्री तामिळनाडूच्या सभागृहात येणार नाहीत. उरते संसद. तेथे जो विषय मुख्यत्वे केंद्र शासनाशी संबंधित नाही, त्यावरील प्रश्न नियमानुसार स्वीकारला जात नाही. म्हणून नदीच्या आंतरराज्य प्रदूषणाच्या अंगाने तो बेताने रचावा लागतो. त्याला ‘राज्याकडून माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे उत्तर मिळाले तरी निराश होण्याचे कारण नाही. लोकसभेत अशा उत्तराची नोंद आश्वासन म्हणून होते, त्याची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते आणि ती झाली नाही तर १९५३ पासून कार्यरत असलेली शासकीय आश्वासन समिती संबंधित मंत्रालयाच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावू शकते.